मनात गाठ ठेवून पाणी सोडत नाहीत

बाबांनी फोनवर "बरं हाय" म्हटलं की मला घाम फुटायचा.

कारण "बरं हाय" हे आमच्या बाबांचं उत्तर नव्हतंच कधी. फोन लावला की ते आधी तलावात पाणी किती चढलं ते सांगणार, मग कुणाची म्हैस कुणाच्या बांधीत शिरली ते, मग मायनं भाजीत मीठ कसं ओतलं ते. शेवटी मीच ओरडायची, "अवो बाबा, तुमची तब्येत कशी हाय ते सांगा ना!" त्यावर ते म्हणणार, "माह्या तब्येतीले का धाड भरली?" आणि खो खो हसणार. त्या पावसाळ्यात मात्र नुसतं "बरं हाय." पुढं काही नाही. मी इकडून हॅलो हॅलो करत बसायची आणि तिकडून ओसरीवरच्या पंख्याची खरखर ऐकू यायची.

मी मुळातच घाबरट. नवरा म्हणतो, ही फोन वाजायच्या आधीच घाबरते. आम्ही कुडव्याला राहतो आणि मी गोंदियातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दुसऱ्याच्या हातात सुई टोचताना माझा हात जरा म्हणून हलत नाही; माहेरचा नंबर मोबाइलवर दिसला की मात्र हातातलं सगळं खाली ठेवावं लागतं. माहेर सडक अर्जुनीकडचं. कोहमाऱ्याच्या चौकात बस सोडायची, ढाब्यासमोरून ऑटो धरायचा, आणि मग तलावाची पाळ दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी धानच धान. लहानपणी ती पाळ दिसली की मी ऑटोतूनच ओरडायची. त्या वर्षी ती दिसली की मी ऑटोतूनच घरी फोन लावायची.

तलाव आमच्याच लोकांनी बांधलेला, कुण्या पणजोबाच्या पणजोबानं. आता तो सरकारचा झाला, पण त्याचं पाणी वाटायचं काम गावानं आपल्याकडंच ठेवलं आहे. पाणी वाटणारा तो पाणकर, आणि आमच्या गावचे पाणकर आमचे बाबा. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यातच, दगडी पायऱ्यांचं एक बांधकाम उभं आहे. पायरीपायरीवर भोकं आणि भोकांत लाकडी गट्टे ठोकलेले. याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. वरचा गट्टा काढला की पाणी पाळीखालून बाहेर पडतं आणि बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये शिरतं. तुडुमावर एक माणूस हवा आणि पाळीच्या पलीकडं, जिथं पाणी बाहेर पडतं तिथं, दुसरा. बाहेरचा माणूस पाण्याचा जोर पाहून हाक मारणार, आतला त्याप्रमाणे गट्टा कमीजास्त करणार.

आत बाबा आणि बाहेर त्यांचा जोडीदार. माझ्या जन्माच्या आधीपासून हेच. गावात त्यांना 'जोडी' असंच म्हणायचे. एकाला लग्नाचं निमंत्रण दिलं की दुसऱ्याला वेगळं द्यायची गरज नाही.

पाणी सोडायच्या दिवसाची आमच्याकडे एक रीत आहे, आणि या लिखाणात जे काही आहे ते त्या रीतीपायी आहे. पाऊस मागं हटतो, धान निसवायला लागतो, म्हणजे पोटातली लोंबी बाहेर पडायला लागते, तेव्हा त्याला पाणी हवं म्हणजे हवंच. तेव्हा चुकलं तर लोंबी पोकळ. अशा वेळी एके सकाळी तलावाखालचे सगळे शेतकरी पाळीवर जमतात. मोहाच्या झाडाखाली मातामायचा दगड आहे, तिथं नारळ फुटतो. मग पाणकर तुडुमावर उभा राहून विचारतो, "कोनाच्या मनात काई हाय का? असन तर आत्ताच बोला. मनात गाठ ठेवून पानी सोडत नाई."

आणि लोक खरंच बोलतात! वर्षभराचं. यानं माझा धुरा कोरला, तो माझ्या पोरीच्या लग्नात जेवण सोडून उठला, हिनं मला चारचौघांत टोमणा मारला. कधी आवाज चढतात, कधी कुणी रडतं, मग पाणकर म्हणतो, "झालं का मोकळं?" दोघं "हौ जी" म्हणतात. सगळ्यांचं झालं की मगच गट्टा निघतो.

मला लहानपणी वाटायचं, मातामाय कोपते म्हणून हे करतात. देवाचं देव जाणे, पण मोठी झाल्यावर त्यातलं साधं कारण लक्षात आलं. आमच्याकडे पाणी बांधीतून बांधीत जातं. वरच्या शेतकऱ्यांनी आपल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड उघडं ठेवायचं, पाणी सगळ्यात खालच्या बांधीत आधी पोचू द्यायचं, आणि मग खालून वर एकेक तोंड बंद करत यायचं. मधल्या एकाच्या डोक्यात राग असला की त्यानं तोंड बुजवलंच म्हणून समजा. आणि त्याच्या खालचे सगळे कोरडे, ज्यांचा त्या भांडणाशी संबंधही नाही.

आता जोडीचं सांगते.

आदल्या वर्षी पाणी सोडताना बाबांना बाहेरून मारलेली हाक ऐकू आली नाही. गट्टा जास्त निघाला, पाणी उसळलं आणि पाटाचा काठ थोडा खचला. नुकसान असं काही झालं नाही. पण जोडीदार काका धापा टाकत पाळीवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले आता ऐकू येत नाई गा. पानकरी सोड, बस घरी."

झालं! बाबा पाळीवरून उतरले. घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आणि त्या दिवसापासून जोडीदाराशी बोलणं बंद. एकाच गावात, एकाच पाणटपरीवर, एकाच बाकावर दोन टोकांना दोन म्हातारे. माय समजावून थकली. बाबांचं एकच, "पान्याच्या दिवशी बोलीन. तेथीसा बोलाची रीत हाय ना? मंग तवाच बोलीन." तिकडं काकीनं आपल्या नवऱ्याला समजावलं तर तेही म्हणे तसंच म्हणाले. आम्ही हसायचो. म्हटलं, राहू द्या, पाण्याच्या दिवशी गळ्यात गळे घालतील.

वैशाखात जोडीदार काका गेले. छातीत दुखलं, भंडाऱ्याला नेलं, आठवडाभर तिथं होते, पुढं नागपूरला न्यायचं चाललं होतं, तेवढ्यात गेले. बाबा त्यांना पाहायला गेले नव्हते. उद्या जातो, उद्या जातो करत राहिले. मयतीला मात्र सगळ्यात पुढं चालले.

त्यानंतर बाबा हळूहळू बसत गेले. पहिल्यांदा पाळीवर जाणं सुटलं, मग पाणटपरी, मग दाढी. रोवणीच्या, धान लावायच्या दिवसांत सगळं गाव चिखलात उतरलेलं असताना हा माणूस ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. जेवायला बोलावलं की उठायचे, दोन घास खायचे, पुन्हा तिथंच. माय मला फोनवर म्हणायची, "काऊन असे करून राहले काई समजत नाई बाप्पा. बोलत नाई, भांडत नाई. मी मुद्दाम भाजी खारट करून पाह्यली, तरी नाई भांडले."

खारट भाजीचं ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पोळ्याला मी गेले. सोबत रक्त काढायचं सामान नेलं, बाबांचं रक्त स्वतः काढलं आणि लॅबमध्ये आणून सगळं तपासून घेतलं. शुगर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन तर माझ्यापेक्षा चांगलं. लोक नॉर्मल रिपोर्ट पाहून देवाला हात जोडतात. मी तो कागद हातात धरून स्टुलावर बसून राहिले, कारण आता बोट दाखवायला काही उरलंच नाही.

पण त्या पोळ्याला आणखी एक झालं. बाबा ओसरीवर, माय चुलीशी. मी गुपचूप कोठ्यात गेले. बैलांच्या गव्हाणीच्या वर फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, लहानपणापासून मी त्या तिथंच पाहिल्या आहेत. मनात नको नको ते येत होतं. वाटलं, त्या उचलाव्या आणि पिशवीत घालून सरळ कुडव्याला घेऊन जाव्या. हात वर केला तर फळी रिकामी.

बैल माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्या पाठीला धरून उभी. कुठं गेल्या? कुणी नेल्या? संपल्या असतील, असं म्हणावं तर रिकाम्या बाटल्याही नव्हत्या. मी बाहेर येऊन मायला जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "माय, ते फवारनीचं औषध दिसत नाई व कोठ्यात?"

"काऊन? कुडव्याले धान लावून राहली का?" माय म्हणाली, आणि फुंकणीनं चूल फुंकायला लागली.

तिला माहीत आहे की नाही, तेच कळेना. आणखी खोदून विचारावं तर माझ्या मनात काय आहे ते तिच्याही मनात जाईल, आणि एकदा गेलं की ती रात्रंदिवस त्याच्याकडं डोळे लावून बसेल. म्हणून मी गप्प बसले. जेवणानंतर ओसरीवर बाबांच्या खाटेखाली झाडू मारायचं निमित्त केलं, माळ्यावरची लाकडं काढायचं निमित्त केलं, परसातल्या कुडाच्या मागंही पाहून आले. बाटल्या कुठंच नाहीत. त्या दिवसानंतर लॅबमध्ये माझा फोन टेबलावर सरळ, स्क्रीन वर करून ठेवलेला असायचा. लोक म्हणायचे, मॅडम, आप बहुत परेशान लगते हो. म्हटलं, तुम्ही मूठ घट्ट धरा आणि इकडं पाहू नका.

शेवटी मी बाबांना गोंदियाला आणलंच. मनाच्या डॉक्टरकडं. मायनं गावात सांगितलं, "शुगर दाखवाले नेलं." का, तर पाणकर डोक्याच्या डॉक्टरकडं जातो असं कळलं की गाव म्हणणार, बुढा पागल झाला, आणि पागल माणसाच्या हाती तुडुम कोण देईल? पाणकरी गेली तर बाबांचं उरतं काय? मला मायचं पटलं होतं.

बाकावर बसल्यावर बाबांनी विचारलं, "हा कोनता डाक्टर होय?"

"झोपेचा," मी म्हटलं.

"मंग एवढे लोक जागे कायले हायेत?" कितीतरी दिवसांनी ते असं काही बोलले होते. मला त्यांच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

डॉक्टर तरुण होता, गोंदियातलाच, हिंदी बोलणारा. त्यानं विचारलं, "काकाजी, मन में क्या चलता है?"

बाबांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "चलता कुछ नहीं साहेब. सब रुका है."

गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू झोप यायला लागली, दाढी व्हायला लागली. पण पाळीकडं जायचं नाव नाही.

आणि इकडं पाऊस लवकर मागं हटला. दसरा तोंडावर आला, ऊन चटके द्यायला लागलं, बांध्यांतला चिखल कडक झाला. धान निसवायला लागला होता. लोक रोज ओसरीवर येऊन बसायचे. "पानी कवा सोडता जी?" बाबांचं एकच, "पाहू." कुणी म्हणालं, आता पाणकर बदलावा लागेल. कुणी म्हणालं, लोखंडी चाकाचं गेट बसवून घेऊ, माणसाची भानगडच नको. खालच्या बांध्यांचे आणि वरच्या बांध्यांचे असे दोन गट पडले. टपरीवर एकदा धक्काबुक्की झाल्याचंही मायनं सांगितलं.

माझा चुलतभाऊ वरच्या बांध्यांचा. डोक्यानं गरम, मनानं वाईट नाही. त्यानं एका संध्याकाळी जाहीर करून टाकलं की मोठेबाबांचं काही खरं नाही, उद्या सकाळी लोखंडी सब्बल घेऊन आम्हीच गट्टा काढतो. मायनं मला फोन केला. मी विचारलं, "बाबांनी ऐकलं का?" माय म्हणाली, "ऐकलं. अन पाठ फिरवून झोपले."

सकाळची पहिली बस धरली. गोरेगाव येईपर्यंत मी तीन वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही. कोहमाऱ्याला ऑटोवाला सीट भरायची वाट पाहत थांबला होता, त्याच्यावर मी असं खेकसले की बिचारा मला एकटीला घेऊन निघाला. घरी पोचले तर दार सताड उघडं. माय नाही. ओसरीवर खाट रिकामी, गोधडी घडी करून ठेवलेली.

त्या घडी केलेल्या गोधडीनं माझा जीव घेतला. बाबांनी जन्मात कधी गोधडीची घडी केली नव्हती.

मी तलावाकडं धावत सुटले. चप्पल वाटेत कुठं गेली आठवत नाही. पाळीवर चढले आणि पहिल्यांदा दिसले ते बाबा, तुडुमाच्या पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात, पाठमोरे. पुढं सगळा तलाव. मी "बाबा!" म्हणून किंचाळले. त्यांना ऐकू आलं नाही. मग कुणीतरी माझा दंड धरला, ती माय होती. म्हणाली, "गप व. सगळे आले हायेत. पाय तरी."

तेव्हा मला मोहाखालचे लोक दिसले. सगळं गाव होतं. चुलतभाऊ सब्बल घेऊन उभा होता आणि त्या सब्बलीचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं, कारण पाणकर त्याच्या आधी येऊन तुडुमावर उभा होता. नारळ फुटलेला होता.

बाबा वळले. आवाज खोल गेला होता, पण शब्द तेच. "कोनाच्या मनात काई हाय का? असन तर आत्ताच बोला."

मग टपरीवर धक्काबुक्की करणारे दोघं पुढं आले. एकानं दुसऱ्याच्या कोंबड्याबद्दल काहीतरी सांगितलं, दुसऱ्यानं पहिल्याच्या कुत्र्याबद्दल, लोक हसले, दोघं "हौ जी" म्हणाले. एका बाईनं आपल्या जावेला काही सांगितलं आणि दोघी रडल्या. चुलतभावानं सब्बल खाली ठेवली आणि म्हणाला, "मोठेबाबा, मी तुमाले टपरीवर पागल म्हनलो. चुकलं माह्यं."

"झालं मोकळं?" बाबांनी विचारलं.

"हौ जी."

सगळे आता गट्टा निघायची वाट पाहत होते. बाबा वाकले नाहीत. तसेच उभे. मला वाटलं, आता चक्कर येते की काय यांना. चुलतभाऊ म्हणाला, "काढा ना जी."

"एक जन राहला," बाबा म्हणाले.

"कोन?"

"मी."

बाप्पा रे! मायनं माझा दंड इतका जोरात दाबला की नखं रुतली.

"माह्या जोडीदारासंग मी मागच्या पान्यापासून बोललो नाई," बाबा म्हणाले. "त्यानं खरं सांगितलं होतं. मले ऐकू येत नाई. मले राग आला. म्हनलं, पान्याच्या दिवशी बोलीन. सगळ्यायले मीच इचारतो, अन माहीच गाठ मी ठेवली. थो थांबला नाई. आता बोलू कोनासंग? अन गाठ ठेवून पानी सोडू कसा?" मग त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "अन मले शुगर-बिगर काई नाई. गोंदियाले मनाच्या डाक्टरच्या गोळ्या खाऊन राहलो. तुमी मले पागल म्हना का पानकर म्हना. मी खोटं घेऊन येथीसा उभा राहू शकत नाई."

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, संपलं. जे जपलं, झाकलं, मायनं ज्याच्यासाठी गावभर खोटं सांगितलं, ते त्यांनीच सगळ्यांसमोर ओतून टाकलं. मी लोकांच्या चेहऱ्यांकडं पाहायची हिंमत केली नाही. मी धानाकडं पाहत राहिले.

गर्दीतून काकी पुढं आली, जोडीदार काकांची बायको. तिला एक मुलगी, ती छत्तीसगडात दिलेली, म्हणून त्या वर्षी शेत तिनंच केलं होतं. ती पाळीवरून खाली उतरली, पाण्याच्या काठापर्यंत, आणि पदर खोचून म्हणाली, "माह्यासंग बोला."

बाबांनी तिला हात जोडले.

"थो बी पान्याच्या दिवसाचीच वाट पाहून राहला होता जी," काकी म्हणाली. "दवाखान्यात बी तेच. डाक्टरले म्हने, मले पान्याच्या दिवसापुरता तरी उभा करा, माहं एक काम हाय गावाले." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "झालं का मोकळं तुमचं?"

बाबांनी मान हलवली.

"मंग काढा गट्टा. माही बांधी सगळ्यात खाली हाय, अन धान निसवून राहला."

बाबा वाकले. चुलतभाऊ न सांगता पाळीच्या पलीकडं धावला, जिथं जोडीदार काका उभे राहायचे. तिथून त्यानं हाक मारली नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून उंच धरला. वर धरला की वाढवा, खाली केला की कमी. बाबा त्याच्याकडं पाहत गट्टा हलवत होते. दुपारपर्यंत काकीची बांधी भरली.

कुणी पागल म्हटलं नाही, असं मी म्हणणार नाही. म्हटलं असेलच, गाव आहे. पण परतताना एक माणूस मला ऑटोपर्यंत पोचवायला म्हणून आला आणि ऑटो सुटायच्या वेळी हळूच म्हणाला, "थो डाक्टर कुठं बसते व, गोंदियाले? माह्या भावासाठी इचारून राहलो." पुढच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला, स्वतःसाठी. मी पत्ता सांगितला आणि म्हटलं, मी येते सोबत.

माझी भीती मात्र गेली नव्हती. बाबा फोनवर पुन्हा म्हशींच्या गोष्टी सांगायला लागले, मायच्या भाजीवरून भांडायला लागले, पण गोळ्या सुरूच होत्या आणि मधूनच एखाद्या दिवशी पुन्हा ते "बरं हाय" यायचं. आणि त्या बाटल्या. मला अजून माहीत नव्हतं त्या कुठं गेल्या.

दिवाळीनंतर धान कापून झाला, गावची मंडई, आमच्याकडची जत्रा, होती म्हणून मी गेले. दुपारी बाबांबरोबर पाळीवर बसले. तलाव खाली गेला होता, तुडुमाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. आता त्यांना एक नवी सवय लागली आहे. पाण्याचा दिवस असो नसो, कुणीही जवळ बसलं की ते विचारतात. मलाही विचारलं, "तुह्या मनात काई हाय का, बाई?"

मी नेहमीसारखं "काई नाई" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, "हाय."

आणि सांगून टाकलं. मोठ्यानं सांगावं लागलं, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून. कोठ्यातली फळी, रिकामी जागा, खाटेखालचा झाडू, टेबलावरचा फोन, घडी केलेली गोधडी. सांगताना मी लहान पोरीसारखी रडत होते. पाळीखालून जाणारे दोघं थबकले आणि शहाण्यासारखे पुढं गेले.

बाबांनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "थ्या बाटल्या मीच नेल्या."

"कुठं?" मी विचारलं.

"काकीच्या घरी. रोवनी चालू होती. माह्या मनात बी तेच येऊन राहलं होतं, जे तुह्या मनात आलं. भेव वाटलं मले माह्याच घराचं. पिशवीत घातल्या अन नेऊन देल्ल्या. म्हनलं, ह्या तुह्या घरी ठेव, माह्या घरी नको."

"अन काकीनं इचारलं नाई? काऊन म्हनून?"

"नाई."

"मंग काय म्हनाली?"

बाबांनी तलावाकडं पाहिलं. "म्हने, ठेवून जा. अन उद्या बी या चहाले. मी एकटीच राहते."